पेटीचा हात

मला पियानो शिकवला असं जो माणूस गावभर सांगत फिरायचा, त्याला मी इथे 'तो' म्हणणार आहे. दोन वर्षं तोंडावर 'सर' म्हटलं, तेवढं पुरे झालं. आता तो हयात असेल किंवा नसेल, मला दोन्ही चालेल.

पियानो मी पहिल्यांदा आठवीत असताना पाहिला. आमच्या यवतमाळातल्याच एका मिशनच्या शाळेत वक्तृत्व स्पर्धा होती आणि आमच्या शाळेने मला पाठवलं होतं. भाषण अर्ध्यावर विसरले. पण सभागृहाच्या कोपऱ्यात ते काळं, जड वाद्य होतं आणि एक मल्याळी सिस्टर ते वाजवत होती. तिचे दोन हात दोन वेगळी कामं करत होते आणि गाणं मात्र एकच निघत होतं. स्पर्धा संपल्यावर मी जवळ गेले आणि एक पट्टी दाबली. सिस्टरने माझ्या बोटांकडे पाहिलं आणि हिंदीत सांगितलं, आधी हात धुऊन ये. धुऊन आले. शिकायचंय म्हणाले. ती दर शनिवारी बाहेरच्या दोन-तीन मुलांना शिकवायची, पण अगदी कोऱ्या पोरांसाठी तिला वेळ नव्हता. दोन वर्षं कुणाकडे तरी कीबोर्ड शीक, मग ये, मी एकदाच ऐकेन, असं ती म्हणाली. 'एकदाच' म्हणताना तिने एक बोट वर केलं होतं. त्या एका बोटावर मी पुढची दोन वर्षं काढली.

आमच्या घरी पेटी होती. बाबा कापसाच्या जिनिंग कारखान्यात, जिनात, फिटर होते आणि वस्तीतल्या गायन पार्टीत पेटी वाजवायचे. भीमजयंतीला, लग्नाच्या आदल्या रात्री, कुणी गेलं की पुण्यानुमोदनाला त्यांना बोलावणं असायचंच. उजव्या हाताने पट्ट्या, डाव्या हाताने मागचा भाता. जिनातली रुई बाबांच्या केसांत असायची, कानांत असायची आणि कशी कोण जाणे, पेटीतही शिरायची. एखादा सूर मुका झाला की बाबा पेटी उघडायचे, त्या सुराच्या पितळी पातीखालून कागदाची पट्टी फिरवायचे आणि एक तंतू बाहेर काढून मला दाखवायचे. मला त्या पेटीची लाज वाटायची. ती जमिनीवर बसून वाजवतात म्हणून वाटायची, आणि ती आमच्या वस्तीची होती म्हणूनही वाटायची. हे आज लिहिताना बरं वाटत नाही, पण खरं आहे.

पियानोचं सांगितल्यावर बाबा म्हणाले, "आधी पेटी शिक ना. पट्ट्या तं तेच हायेत."

"मले ते गायन पार्टीची पेटी नाई पाहिजे," मी म्हणाले.

 दुसऱ्या दिवशी बाबा जिनातून आले, अंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि मला सायकलवर बसवून मास्तर शोधायला निघाले. एक गिटारवाला होता, तो नागपूरला निघून गेला होता. एक बँडवाला म्हणाला, माझ्याकडे कॅसिओ आहे, पण तो लग्नात वाजवायला, शिकवायला नाही. तिसऱ्याने दार उघडून बाबांचं आडनाव विचारलं आणि आमच्याकडे सध्या जागा नाही म्हणाला. त्याच्या खोलीत एकही मूल नव्हतं. चौथ्या दारावर पाटी होती: पियानो, कीबोर्ड, पेटी, गिटार, बासरी शिकवली जाईल. हे सगळं एकाच माणसाला येतं, याची मला तेव्हा शंकासुद्धा आली नाही.

तो माणूस सकाळी एका पतसंस्थेत कारकून आणि संध्याकाळी सर. खोलीत मखमली कापड घातलेले तीन कीबोर्ड, कोपऱ्यात सरस्वतीची तसबीर, उदबत्ती, आणि दाराजवळ त्याची वेताची खुर्ची. आडनाव त्यानेही विचारलं, पण हाकललं नाही. नियम तेवढा सांगितला. पहिल्या दिवशी तसबिरीपुढे नारळ आणि डोकं टेकवून नमस्कार. त्यानंतर रोज आल्यावर आणि जाताना गुरूच्या पाया पडायचं.

माझ्या आजोबांनी नागपूरला दीक्षा घेतली होती. आमच्या घरात देवाला कुणी हात जोडत नसे, आणि माणसाच्या पाया पडणं तर बाबांना त्याहून वाईट वाटायचं. बाबा अगदी शांतपणे म्हणाले, "हात जोडंल पोरगी. जय भीम म्हनंल. पाया नाई पडनार."

"इथे वाकल्याशिवाय विद्या मिळत नाही," तो म्हणाला. मग हसून त्याने पुढे जोडलं की जयंतीला तुमच्याकडे पेटी वाजते ना, तीच शिकवा मुलीला. बाबांनी सायकल वळवली. घरी येईपर्यंत मी मागे बसून त्यांच्या पाठीकडे रागाने पाहत होते. माझा पियानो त्यांच्या ताठ पाठीने घालवला, असं मला वाटत होतं.

ती कापसाची वाईट वर्षं होती. दिल्ली-मुंबईहून कॅमेरेवाले यायचे आणि जीपमधून खेड्यांकडे जायचे. जिनं बंद पडत होती, पण जिनातल्या फिटरची बातमी होत नाही. बाबांचं जिन दिवाळीनंतर उघडलंच नाही. ते वणीकडच्या एका जिनात कामाला लागले आणि पंधरा दिवसांतून एकदा घरी येऊ लागले. वडील दूर गेल्याचं दुःख मला झालं, ते दोन दिवस टिकलं. तिसऱ्या दिवशी मी नारळ घेऊन त्या पाटीखाली उभी होते.

आईला सांगून गेले होते. आई शिवणाच्या मशीनवरून मान वर न करता म्हणाली, "मी तुया बाबाले सांगनार नाई. पन खोटं तूच बोलजो." बाबांना मी सांगितलं, शाळेत नवीन बाई आल्या आहेत, त्या शिकवतात.

तो मात्र खूश होता. मी वाकले तेव्हा त्याने डोक्यावर हात ठेवला आणि इतर पोरांना म्हणाला, पाहा, संस्कार घ्यायचे तर असे घ्यावेत. तिथे आम्ही सात-आठ जण होतो. सरगम, अलंकार, मग प्रार्थना, मग सिनेमाची गाणी. सगळं उजव्या हाताने. डावा हात कीबोर्डच्या पलीकडच्या कडेवर ठेवायचा आणि चार बोटं हळूहळू उघडझाप करत राहायची. तो स्वतः तसंच वाजवायचा. त्याला तो 'आधाराचा हात' म्हणायचा. कुणाचा हात मांडीवर आला की त्यावर लाकडी पट्टीचा फटका बसायचा. आम्ही सगळे गाढवासारखे एका हाताने वाजवायचो आणि दुसऱ्या हाताने कीबोर्डच्या पाठीला गुदगुल्या करायचो. आम्हाला मिळालेला तोच एक मास्तर, त्यामुळे पियानो असाच वाजवतात हे आम्हाला कळून चुकलं होतं.

घरी सराव कशावर करायचा? घरात पेटी होती, पट्ट्या त्याच होत्या, बाबा नव्हते. पण मी पुठ्ठ्यावर स्केचपेनने पट्ट्या काढल्या आणि मुक्या पुठ्ठ्यावर बोटं फिरवली. पेटीला हात लावला नाही. इतकी मी शहाणी होते. डावा हात पुठ्ठ्याच्या पलीकडे सतरंजीवर ठेवायचे आणि बोटं हलवायचे, नियमाप्रमाणे.

दोन वर्षांनी सिस्टरने शनिवारची वेळ दिली. नेमके बाबा घरी होते. मी नको म्हणत असताना ते आलेच. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल. सभागृहाच्या दाराशी उभे राहिले. सिस्टरने खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

मी बसले. उजवा हात पट्ट्यांवर ठेवला. डाव्या हाताला पलीकडची कडा सापडेना, तिथे पियानोचं उभं लाकूड होतं. हात त्या लाकडावर गेला आणि बोटं आपोआप उघडझाप करू लागली. एकही चूक न करता मी प्रार्थना वाजवली आणि वळून पाहिलं. सिस्टर माझ्या डाव्या हाताकडे पाहत होती. हा हात काय करतोय, असं तिने विचारलं. आधार देतोय, मी म्हणाले. तिने तो हात मनगटाला धरून पट्ट्यांवर ठेवला आणि म्हणाली, आता दोन्हीने वाजव. डाव्या हाताने काय वाजवायचं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. तिने थोडा वेळ वाट पाहिली आणि झाकण लावलं. हे हार्मोनियम वाजवणं आहे, ही मुलगी हवा भरतेय, असं ती बाबांना म्हणाली. दहावीतल्या मुलीचा हात मोडून नवा करायला तिच्याकडे वेळ नव्हता. तिने एकदाच ऐकलं, ठरल्याप्रमाणे. दया-माया तिच्या धर्मात असेल, शनिवारच्या वेळेत नव्हती.

बाहेर सायकलपाशी बाबा थांबले. "हा पेटीचा हात होय," ते म्हणाले. "तुमच्या शाळेतल्या बाईले पेटी येते काय?"

मी खरं सांगून टाकलं. त्यांनी सायकलचं कुलूप काढलं.

"पाया पडत होती?"

"हो."

"रोज?"

"गेल्यावर अन् निघताना."

बाबा माझ्यावर कधी ओरडले नव्हते, तेव्हाही ओरडले नाहीत. "हवाच भराची होती, तं घरी भरली असती, माय," एवढंच म्हणाले आणि सायकल हातात धरून चालू लागले. मी मागून चालत राहिले. बाबांचा डावा हात भात्यावर हलताना मी जन्मल्यापासून पाहत होते. दोन वर्षं तोच हात त्या माणसाच्या मनगटाला जोडलेला होता आणि मला ओळखू आला नाही. मी त्या पेटीकडे कधी नीट पाहिलंच नव्हतं, म्हणून.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी शिकवणीला गेले. मुद्दाम सगळी पोरं असताना गेले. आल्यावर पाया पडले नाही. उभी राहिले आणि म्हणाले, "सर, डाव्या हातानं वाजवून दाखवता?"

तो म्हणाला, डावा हात आधाराचा. मी म्हणाले, सिस्टर दोन्ही हातांनी वाजवते. तो म्हणाला, त्यांचं शास्त्र वेगळं, आपलं वेगळं. त्याचं तोंड लाल झालं होतं. पोरं आमच्याकडे बघत होती आणि त्यांचे डावे हात अजून हलत होते.

"तुम्हाला पियानो येत नाही," मी म्हणाले. "तुम्ही जन्मभर नुसती पेटी वाजवलीत, आणि आम्हाला फसवलंत."

"गुरूचा मान ठेवणं तुम्हा लोकांच्या रक्तात नाही," तो म्हणाला. "तुझ्या बापाला पाहिलं तेव्हाच मी ओळखलं होतं. उद्यापासून येऊ नकोस."

 मी दप्तर उचललं, दाराकडे निघाले. दाराजवळ त्याची वेताची खुर्ची, खुर्चीत तो. मी त्याच्यासमोर थांबले, वाकले, त्याच्या दोन्ही पायांना हात लावला आणि हात कपाळाला नेला. कपाळाला हात लागला तेव्हा मला कळलं मी काय केलं ते. आणि तो, रागाने थरथरत असलेला तो माणूस, माझ्या डोक्यावर हात ठेवून "यशस्वी हो" म्हणाला.

पोरं हसली की नाही, आठवत नाही. मी पळत सुटले. त्याचा मला राग आहेच. माझ्या त्या पाठीचा जास्त आहे.

घरी बाबा पेटी उघडून बसले होते. सुराखालून कागद फिरवत होते. माझ्याकडे न पाहता त्यांनी विचारलं, "बोलली का त्याले?"

"बोलली. सगळ्या पोरांसमोर."

"निघतानी पडली नाई ना पाया?"

"नाई," मी म्हणाले.

बाबांनी मान डोलावली. आत फुंकर मारली, झाकण बसवलं आणि पेटी सरकवून माझ्यासमोर ठेवली. "बस मंग," ते म्हणाले.

मी बसले. डावा हात भात्यावर गेला. पहिल्याच दिवशी मला तो बरोबर हलवता आला आणि बाबा खूश झाले.