अक्कांचे तीन रकाने

जूनच्या पहिल्या सोमवारी अक्कांनी बारा टाइपरायटर विकले आणि एक कॉम्प्युटर घेतला.

टेम्पोवाला यंत्रं खाली नेत होता. अक्का जिन्याच्या तोंडाशी उभ्या राहून तमिळमध्ये त्याला सांगत होत्या, कुठलं आधी, कुठलं नंतर, कुठलं कशावर. तोवर त्यानं एक यंत्र आडवं टाकलंच होतं. अक्का माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बघितलंस? सांगितलं नाही तर जो तो आपल्या मनाचं करतो."

हे वाक्य त्या दिवसातून दहादा म्हणायच्या. दूधवाल्याला, मुलींना, मला. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. एकच वाक्य घेऊन ती आयुष्यभर चालतात, आणि बहुतेक वेळा ते पुरतंही.

तंजावुरात भांड्यांच्या दुकानावरच्या माडीवर अक्कांची टायपिंग इन्स्टिट्यूट होती. मी ग्रंथालयात जुन्या मराठी कागदांच्या याद्या करायचो. बढतीसाठी टायपिंगची परीक्षा लागत होती, म्हणून त्यांच्याकडे गेलो. परीक्षा झाली, बढतीही झाली, पण संध्याकाळी तिथं जाऊन बसायची सवय गेली नाही. मी शिकत असताना खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसून, नुसत्या यंत्राच्या आवाजावरून त्या मला ओरडायच्या, "तिसरं बोट! तिसरं बोट झोपलं अहे तुझं."

त्यांचं घराणं आमच्यासारखंच मराठी राजांच्या काळात इथं आलेलं. घरी तंजावुरी मराठी बोलत, 'आहे'ला 'अहे' म्हणत; देवनागरी मात्र वाचता येत नसे. मी पुस्तकं वाचून वाचून मराठी सुधारली होती, त्याची त्यांना फार गंमत वाटे. "तू बोलायला लागलास की मज वाटतं, कोणी तरी कोर्टात वाचून दाखवतो अहे."

त्यांची खरी ख्याती रकान्यांची. सरकारी परीक्षेत कोऱ्या कागदावर तक्ता टाइप करायचा असतो. टाइपरायटरवर प्रत्येक अक्षर सारखीच जागा घेतं, बारीक असो की रुंद. त्यामुळे शब्दांची अक्षरं मोजायची, उरलेली जागा वाटायची आणि तेवढ्या वेळा स्पेस दाबायची, की रकाने ओळंब्यात उभे राहतात. अक्का हे तोंडी करत. दुसऱ्या कुणाला पेन्सिल लागायची.

कॉम्प्युटर आला तेव्हा टायपिंग शिकायला येणारं जवळजवळ कुणी उरलं नव्हतं. ज्याला त्याला कॉम्प्युटरच शिकायचा होता. सहा मुली मात्र राहिल्या, पापनाशम आणि तिरुवैयारुहून बसनं येणाऱ्या. अक्कांनी एक जाडजूड पुस्तक आणलं आणि इंटरनेटची पानं कशी बांधतात ते आधी स्वतः वाचून दुसऱ्या दिवशी मुलींना शिकवू लागल्या. त्या वेळी त्यांना पन्नाशी उलटून गेली होती.

मग मद्रासच्या एका ऑफिसनं एक नमुना मागितला. शहराचं नाव चेन्नई झालं तरी अक्का मद्रासच म्हणायच्या. ते ऑफिस बाहेरदेशी माल पाठवणाऱ्यांची पानं करून देत असे. नमुना पसंत पडला, तर कायमचं काम मिळणार होतं. आमच्या गावच्या एका वीणा करणाऱ्याचं पान करायचं ठरलं: तीन रकाने, प्रत्येकात वीणेचं चित्र, खाली नाव, त्याखाली लाकडाची माहिती.

त्याच आठवड्यात सेल्वीचे वडील पापनाशमहून आले. सेल्वी सहाही जणींत हुशार. वडील उभ्याउभ्याच बोलले.

"टीचर, तुमच्या शब्दाबाहेर मी नाही. पण पोंगलपर्यंत बघतो. तोवर काम लागलं नाही तर तिचं येणं बंद. दोन स्थळांकडून विचारणा आहे."

"फक्त तिचंच का?" अक्कांनी विचारलं.

"इतरांच्या घरीही हेच बोलणं चाललंय. बसमध्ये आम्ही भेटतो ना."

ते गेल्यावर अक्का मुलींना म्हणाल्या, "बघताय काय? वीणा मोजायला घ्या."

मोजायला म्हणजे खरंच मोजायला. तीन रकाने त्यांनी तसेच उभे केले, जसे तीस वर्षं कागदावर केले होते. नावाची अक्षरं मोजली, उरलेली जागा वाटली आणि मोजून स्पेस घातल्या. पडद्यावर पान देखणं दिसलं. मी पाहिलं तेव्हा मलाही अभिमान वाटला.

दोन दिवसांनी मद्रासहून एका तरुणाचा फोन आला. "मॅडम, पहिल्या वीणेचं नाव दुसरीखाली गेलंय, आणि तिसरी वीणा खाली पडली."

"कशी पडेल? मी मोजली अहे!" अक्का मराठीतच बोलल्या. मग भानावर येऊन तमिळमध्ये म्हणाल्या, "उद्या परत पाठवते."

या खेपेला त्यांनी पुस्तकात बघून प्रत्येक रकान्याची रुंदीच लिहून दिली. आमच्याकडे पुन्हा सगळं ठीक. मद्रासला तिसरी वीणा पुन्हा खाली.

तिसऱ्यांदा पाठवण्याऐवजी अक्का पहाटेच्या बसनं स्वतःच मद्रासला गेल्या, पिशवीत लाकडी फूटपट्टी घेऊन. पुढचं त्यांनीच मला हसत सांगितलं. त्या पडद्याला पट्टी लावून मापं लिहीत होत्या, तेव्हा तो तरुण म्हणाला, "अम्मा, हा स्क्रीन आहे. ब्लाउजचं कापड नाही."

"कापड असतं तर इतका वेळ लागला नसता. सरक तिकडं."

तिथं त्यांना कळलं की पान तेच होतं, पण ते उघडून दाखवणारा ब्राउझर दुसरा होता. दुसरा ब्राउझर त्यांनी सीडीवर मागून आणला आणि आमच्या मशीनवर घातला. मग चार दिवस त्या दोन्हीत तेच पान आळीपाळीनं उघडून फक्त बघत होत्या. जिथं फरक दिसेल तिथं वहीत टीप. मुलींना हात लावू देईनात.

पाचव्या दिवशी सगळ्यांना बोलावलं. मीही होतो.

"माझ्या भावाच्या लग्नात दोन पंगती होत्या," अक्का म्हणाल्या. "एकीला आमची माणसं वाढत होती, दुसरीला कुंभकोणमचे आचारी. दोघांना यादी एकच दिलेली. काय वाढायचं ते लिहिलं होतं. पानात कुठं वाढायचं ते लिहिलंच नव्हतं. आमच्यांनी आपल्या घरच्यासारखं वाढलं, त्यांनी त्यांच्या घरच्यासारखं. चूक कुणाचीच नाही. पण मधे उभं राहून बघितलं, तर दोन लग्नं वाटत होती."

मुली हसल्या.

"तसंच हे. अक्षर केवढं, दोन ओळींत जागा किती, कडेला किती सोडायचं, आपण सांगितलं नाही. मग हा ब्राउझर आपल्या घरचं करतो, तो आपल्या घरचं. माझी मोजलेली स्पेस इकडं एवढी, तिकडं तेवढी."

सेल्वीनं विचारलं, "पण टीचर, दुसऱ्या वेळी तर आपण रुंदी सांगितली होती."

"सांगितली. पण खोली दहा फूट म्हणजे भिंत धरून की सोडून? एक ब्राउझर भिंत आत धरतो, दुसरा बाहेर. तीन खोल्यांना सहा भिंती. बाहेर धरणाऱ्याच्या जागेत तिसरी खोली मावेल कशी?"

मग त्यांनी ते पान उघडलं आणि मोजून घातलेल्या स्पेस पुसायला सुरुवात केली. मला त्यांचा चेहरा कडेनं दिसत होता. एकेक ओळ मोकळी होत होती, नावं डावीकडे सरकत होती. अर्ध्यावर त्या थांबल्या, चष्मा पुसला. "तीस वर्षं हेच शिकवलं रे," त्या मला म्हणाल्या. मग उरलेल्याही पुसून टाकल्या.

त्यांनी ठरवलं ते एवढंच: वीणेचं चित्र, तिचं नाव आणि तिची माहिती ही एकाच चौकटीत बांधायची. चौकट थोडी रुंद होवो, ओळ कुठंही तुटो, त्या त्या वीणेचं नाव तिच्याखालीच राहिलं पाहिजे. भिंतींना जागाही आधीच सोडून ठेवली. आठवडाभर बांधलं, मोडलं, पुन्हा बांधलं. मुली शेवटच्या बसपर्यंत थांबायच्या.

"टीचर, अजून दोन्हीकडे अगदी सारखं दिसत नाही," सेल्वी शेवटी म्हणाली.

"नसू दे. येणारा वीणा बघायला येणार. माझ्यासारखा पट्टी घेऊन येणार आहे का?"

पान पुन्हा पाठवलं, आणि पोंगलला आठ दिवस असताना मद्रासहून फोन आला. अक्कांनी रिसीव्हर कानाला लावून फक्त ऐकलं, "शरि, शरि," म्हणजे बरं, बरं, म्हणाल्या आणि ठेवला. सहाही जणी बघत होत्या.

"तिन्ही उभ्या अहेत," त्या म्हणाल्या. आनंदाच्या भरात पुन्हा मराठीतच. मी मुलींना तमिळमध्ये सांगितलं.

मद्रासचं काम पक्कं झालं होतं; पोंगलला सेल्वीचे वडील उसाची मोळी खांद्यावर घेऊन जिना चढून आले. येणं बंद करायचा विषय त्यांनी काढला नाही, अक्कांनीही नाही.

त्यानंतर अक्कांना नवीन वाक्य मिळालं: "दोन्हीत बघितलंस का?" पान पुरं झालं की मुलींना हा प्रश्न ठरलेला. पुढे तो कशालाही लागू झाला. बदलीचा अर्ज लिहून मी त्यांना दाखवला, तर म्हणाल्या, "तुझ्या डोळ्यांनी वाचलास. साहेबाच्या डोळ्यांनी बघितलास का?" मी घरी जाऊन तो पुन्हा लिहिला.

अक्का गेल्या त्याला आता दीड वर्ष होईल. हे लिहायला मला तेवढा वेळ लागला. शेवटच्या आजारात सेल्वी चेन्नईहून येऊन दहा दिवस त्यांच्याजवळ राहिली. ती उशाशी बसून काम करायची. डोळे मिटलेल्या अक्का मधेच विचारायच्या, "दोन्हीत बघितलंस का?" ब्राउझर आता दोनच राहिलेले नाहीत, हे सेल्वीनं त्यांना सांगितलं नाही. ती प्रत्येक वेळी "बघितलं, टीचर," म्हणायची, आणि मग खरोखर सगळ्यांत उघडून बघायची.

इन्स्टिट्यूट बंद झाली. त्या माडीवर आता चष्म्यांचं दुकान आहे. त्या सहा मुलींपैकी पाच जणी आजही हेच काम करतात.