दुसऱ्या जातीचा डोंगर

माझा काका ज्वालामुखीच्या वेधशाळेत निरीक्षक होता. खुर्ची मोडकी, पगार बेताचा, पण ऐट अशी, की डोंगर जणू त्याला विचारूनच उफाळतो. आम्ही त्याला डोंगराचा डॉक्टर म्हणून चिडवायचो.

पहिली अठरा वर्षं त्याने एका पसरट, ढाल पालथी ठेवावी तशा डोंगरावर काढली. तिथला लाव्हा पातळ. भेगांतून ओघळत रमतगमत यायचा. लोक कपाटं, कोंबड्या, म्हातारी माणसं सगळं हलवायचे आणि घराला कुलूप लावून निघायचे. कुलूप कशाला, देव जाणे. हादरे थांबले, की काका नोंदवहीत 'शांत' लिहायचा, आणि खरंच सगळं शांत व्हायचं.

मग त्याची बदली आमच्या डोंगरावर झाली. वेधशाळा पलीकडच्या टेकडीवर, आम्ही पायथ्याशी. हा डोंगर उंच, उभ्या चढाचा, राखेचे आणि लाव्ह्याचे थर एकावर एक चढून झालेला. याच्या पोटातला लाव्हा घट्ट. तो धड वाहत नाही, तोंडाशी अडकून बसतो आणि खाली वायू कोंडत जातो. काकाला हे सगळं तोंडपाठ होतं. पण अठरा वर्षांची सवय पाठांतराला थोडीच जुमानते!

त्या आठवड्यात दिवसाला दोनशे हादरे बसत होते. आई मला घेऊन मावशीकडे गेली. बाबा सुतार, आपल्या कारखान्यातलं लाकूड कातायचं लेथ मशीन सोडवायला मागे राहिले. गुरुवारी दुपारी हादरे एकदम थांबले. शुक्रवारी सकाळी डोंगर फुटला. लाव्हा आमच्यापर्यंत आलाच नाही. तापलेल्या राखेचा आणि वायूचा लोट पाच मिनिटांत गावात उतरला. बाबा कारखान्याच्या दारात सापडले.

आई सहा वर्षं त्यांनाच बोल लावत राहिली. "बायकोपोरीपेक्षा लोखंड प्यारं त्यांना. मोह नडला." काका दर रविवारी यायचा, मान खाली घालून ऐकायचा. मला त्याची कीव यायची. मी मूर्खच.

एका रविवारी आई पुन्हा सुरू झाली, तेव्हा काका म्हणाला, "वहिनी, दादाला नका बोलू. गुरुवारी त्याचा फोन आला होता. आत्ताच निघू का, विचारत होता. मी म्हटलं, डोंगर निवलाय, सावकाश सोडव मशीन, उद्या नीघ."

"हादरे थांबले होते ना पण?"

"तोंड बुजलं होतं, वहिनी. मी त्याला शांत समजलो. जुन्या डोंगरासारखं."

आईच्या जागी मी असते तर त्याला तिथल्या तिथे घराबाहेर काढलं असतं. आई ओट्याला टेकून उभी राहिली.

"म्हणजे हे यायला निघाले होते," ती म्हणाली. "आणि मी सहा वर्षं मेलेल्या माणसाला शिव्या घालतेय."

काका काहीतरी बोलायला गेला.

"तुम्ही गप्प बसा, भाऊजी," आई म्हणाली, आणि बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच त्यांच्यासाठी रडली.