भर लग्नसराईत बेपत्ता झालेला चढाईपटू

ती घटना आठवली की आजही मी खुर्चीत सरसावून बसतो. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण अशी केस पुन्हा आली नाही. तेव्हा मी दिंडोरीकडच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. आणि कबड्डीचं मला लहानपणापासून वेड, हेही आधीच सांगून टाकतो.

सकाळची हजेरी चालू असतानाच एक द्राक्ष बागायतदार धापा टाकत आत आला. परिसरातल्या कबड्डी लीगमध्ये त्याचा संघ होता.

"साहेब, माझा खेळाडू पळवला! परवा फायनल हाय!"

त्याला बसवलं, पाणी दिलं. आदल्या वर्षी त्याचा संघ तळाला गेला होता. लीगचा नियम असा, की मालकाने खेळाडूंच्या मानधनावर ठरावीक रकमेपलीकडे एक रुपयाही खर्च करायचा नाही. मग बागेची खरड छाटणी करतात तसा याने संघ छाटला. जुने महागडे गडी कमी केले, गावातली नवी पोरं थोडक्या मानधनावर घेतली आणि वाचलेलं सगळं एका चढाईपटूवर लावलं. डाव असा जमला, की तळाचा संघ थेट फायनलला! आणि नेमका तोच चढाईपटू गायब, फोन बंद.

"त्याच्याशिवाय हरलो तर संघ मोडला म्हणून समजा, साहेब. ह्या नव्या पोरांना पुन्हा कोण विचारतंय?"

खेळाडूच्या आईलाही तो सोबत घेऊन आला होता. मिसिंगची नोंद करताना तिने वर्णन, कपडे, सगळं नीट सांगितलं. डोळ्यांत टिपूस नाही. मुलगा खरंच हरवलेली आई अशी पदर सावरून सावकाश बोलत नाही. तिला काहीतरी ठाऊक होतं. पण विचारलं की "येईल तो," एवढंच म्हणे.

दुपारच्या आत खबऱ्याचा फोन आला. खेळाडू जुन्या कॅप्टनच्या मोटारसायकलवर मागे बसून चांदवडच्या रस्त्याला लागलेला दिसला होता.

जुना कॅप्टन! छाटणीत सगळ्यात आधी हाच कापला गेला होता. "हा पोरगा खेळतोच कसा ते बघतो," असं तो चहाच्या टपरीवर बोलल्याचं अर्ध्या बाजाराने ऐकलं होतं. मला वाटलं, झालं, केस सुटली!

कॅप्टन बाजारातच सापडला. चौकशीला समोर बसवला. दाराएवढा गडी.

"कुठे ठेवलंस त्याला?"

"मला काय म्हाईत, साहेब."

"तुला काढल्याचा राग आला होता?"

"लय आला होता. अजून हाय."

एवढं मात्र कबूल केलं. हवालदाराने त्याची झडती घेतली, हातातला डबा उघडला. आत उकडलेले मूग आणि काकडी.

"हे तुझं जेवण?" मी विचारलं.

"व्हय."

तेवढ्यात स्टाफसाठी मिसळ आली. मी एक प्लेट त्याच्यापुढे सरकवली. पठ्ठ्याने ती संपवली, मग दुसरीही रश्श्यासकट फस्त केली. मूग तसेच. मी टेबलावर थाप मारली.

"अरे, हा डबा तुझा नाहीच! उपाशी कोणाला ठेवलंयस? बोल!"

तो कपाळावर हात मारून हसायलाच लागला. "चला साहेब. दाखवतोच."

जीप काढली. चांदवडला त्याच्या मळ्यात पोचलो आणि बघतच राहिलो. भर उन्हात, अंगात रेनकोट घालून, आमचा बेपत्ता चढाईपटू कांदा चाळीभोवती पळत होता!

मग उलगडा झाला. पोराचं लग्न ठरलेलं. आज आत्याकडे केळवण, उद्या मावशीकडे, परवा मामाकडे. पुरणपोळी काय, आमरस काय! लीग वजनी गटाची, फायनलच्या सकाळी पुन्हा वजन होणार, आणि या नवरदेवाचं वजन गटाबाहेर गेलेलं.

"फोन चालू ठेवला की मावशी बोलावते," तो रडवेला होऊन म्हणाला. "नाय म्हटलं की रुसते. मालकाला कोणत्या तोंडाने सांगू? आईला तेवढं सांगितलं." दाराएवढा कॅप्टन दर वर्षी वजन उतरवूनच खेळायचा; ते कसं जमतं, हे विचारायला तो ज्याची जागा घेतली त्याच्याकडेच गेला होता.

मी कॅप्टनकडे वळलो. "अरे, तुझा तर याच्यावर राग ना? मग हे कशाला?"

"मला काढलं ते ह्याला घ्यायला, साहेब. हाच नाय खेळला, तर मला काढलं कशासाठी?"

फायनलच्या सकाळी काटा गटाच्या आत थांबला तेव्हा मी गणवेशात असूनही टाळी वाजवली. मिसिंगची नोंद बंद केली. त्या केसने मला एक शिकवलं. मी राग बरोबर ओळखला होता. रागावलेला माणूस काय करील, ते मात्र मी त्याला न विचारताच ठरवून टाकलं होतं. पुढे प्रत्येक चौकशीत मी हे लक्षात ठेवलं.

सामना बघायला कॅप्टन माझ्याशेजारीच बसला होता. शेवटच्या चढाईत पोराने दोघांना बाद करून मधली रेषा गाठली आणि सामना फिरवला. सगळं मैदान उठून नाचायला लागलं, मीसुद्धा! कॅप्टन एकटा बसून होता.

"आता पटलं, साहेब," तो म्हणाला.