ठोकळा, आरसा आणि एक ठिपका

बाजारातली माणसं तिला चिमटाताई म्हणत. हातात धरून खेळायचे गेम कन्सोल दुरुस्त करणं हा तिचा धंदा, आणि बारीक टोकाचा तो चिमटा पंचवीस वर्षांत तिच्या हातातून सुटायचा तो फक्त जेवताना. दुकान दोन खोल्यांचं. पुढे काउंटर, तिथे धाकटा भाऊ. त्याने पंचेचाळिशी गाठली, टक्कल पडलं, तरी नाव छोटूच. मागच्या खोलीत भिंग, दिवा, सोल्डरचा वास आणि ताई.

तिच्या टेबलावर दोन कंपन्यांचं जुनं वैर रोज समोरासमोर बसलेलं असे. एकीचा कन्सोल जाड आणि करडा. त्याला ती ठोकळा म्हणायची. दुसरीचा पातळ, सगळा काचेचा, तो आरसा. ठोकळा बनवणाऱ्यांनी आधीच मान्य केलं होतं की हा पडणार, याच्यावर सरबत सांडणार, पोरं याच्यावर बसणार. म्हणून बटणं मोठी, पडदा साधा, आणि चार स्क्रू काढले की झालं, आत हात घाला. आरसा बनवणाऱ्यांना माणूस धांदरट असतो हे कुणी सांगितलंच नसावं. पडदा असा की बघत राहावं, पण सगळं चिकटवून टाकलेलं, आत केसाएवढ्या तारा. वर त्याला सगळं कळतं: कसा धरलाय, किती कलला, किती हलला. "ठोकळा माणसाची चूक पोटात घालतो, आणि हा मेला मोजत बसतो," असं ताई गिऱ्हाइकांना सांगायची. पण खरं विचाराल तर तिचा जीव आरशावरच होता. तो उघडायला हात लागतो, आणि आपल्या हाताचा तिला भारी गर्व होता.

एका सकाळी एक शिक्षिका लेकीचा आरसा घेऊन आली. कलवला तरी पडद्यावर काही हलत नव्हतं. ताईने आतला सेन्सर बदलला आणि नेहमीची चाचणी लावली. पडद्यावर एक गोल येतो, गोलात ठिपका. कन्सोल हातात धरायचा. ठिपका गोलात राहिला की काम फत्ते. कुणाचाही हात थोडा हलतोच, तेवढी सूट गोलात धरलेली असते. पण ठिपका गोलाबाहेर जाऊन आला. पुन्हा गेला. सेन्सर खराब म्हणून ताईने तो फेकला, दुसरा बसवला. तोही तसाच. तिसराही. तिने पुरवठादाराला फोन लावला आणि "अख्खी खेप भिकार पाठवलीस" म्हणून त्याला धू धू धुतलं. बोलता बोलता आरसा टेबलावर ठेवला, आणि सहज नजर गेली. ठिपका गोलाच्या मधोमध होता. खिळा ठोकल्यासारखा.

ताईने आरसा पुन्हा हातात घेतला, आणि ठिपका लगेच गोलाबाहेर गेला. फोन चालूच राहिला.

वडिलांचं असंच सुरू झालं होतं. ते घड्याळं दुरुस्त करायचे. आधी उजवा अंगठा थरथरायचा, मग पंजा, मग चहा ढवळताना चमचा कपावर वाजायला लागला, आणि शेवटची चार वर्षं आईने त्यांना भरवलं. तो चमच्याचा आवाज ताईच्या कानात पुन्हा सुरू झाला. तिला भीती वाटली, अगदी लहान मुलीसारखी.

डॉक्टरकडे जावं, तर हात दाखवून अवलक्षण कुणी करून घ्यावं? त्यापेक्षा ती रोज सकाळी येऊन गुपचूप आरसा हातात धरायची. ठिपका रोज बाहेर जायचा. मग तिने आरसे घेणंच बंद केलं.

"का पण?" छोटू वैतागला. "निम्मी गिऱ्हाइकं आरसेवालीच आहेत."

"ती वस्तूच माजोरडी आहे. धड स्क्रू नाहीत तिला. वस्तू कशी हवी, माणसाला सांभाळून घेणारी. आजपासून फक्त ठोकळे."

तिने अर्धा तास ठोकळ्याची थोरवी गायली. एके काळी बारीक तारा जोडण्यात छोटू तिच्याहून वरचढ होता. दोन वर्षांपूर्वी एकाएकी म्हणाला, "मागे बसून मान मोडते, मी गिऱ्हाइकं बघतो," आणि तेव्हापासून पठ्ठ्याने सोल्डरला हात लावला नाही. हात खिशात घालून गप्पा छाटायच्या आणि चहा मागवायचा, तोही अर्धा कप. ताई त्याला कामचुकार म्हणून येताजाता टोमणे मारायची.

पंधरा दिवसांनी तो मागच्या खोलीत आला. "त्या शाळेतल्या बाईंचा तिसरा फोन आला. तो एक तरी आरसा देऊन टाक."

"मशीनच नाठाळ आहे. ठिपका थांबत नाही."

"नाचता येईना, अंगण वाकडं," छोटू हसत म्हणाला.

ताई भडकली. "असं? मग तू धर! धर म्हणते ना!"

"मला पुढे..."

"पुढे कुणी नाहीये. खिशातले हात काढ आणि धर."

छोटूने आरसा घेतला. ताई मनात धावा करू लागली. हलू दे, देवा, याच्या हातात हलू दे. आणि ठिपका हलला. गोलाबाहेर गेला, परत आला, पुन्हा गेला, तिच्या हातात जायचा त्याहून लांब.

"बघ!" ताई ओरडलीच. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. "बघ, मशीनच बिघडलंय! मी म्हणत नव्हते?"

छोटू हसला नाही. त्याने आरसा हळूच टेबलावर ठेवला. ठिपका मधोमध येऊन थांबला.

"मशीन चांगलं आहे, ताई," तो म्हणाला. "दोन वर्षं झाली मला. तुला सांगायचा धीर नाही झाला. म्हटलं, माझे हात गेले तरी तुझे आहेत ना. दुकान चालेल."

ताईला तो अर्धा कप आठवला. तिने आरसा उचलला, दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि त्याच्यापुढे केला.

छोटूच्या डोळ्यांसमोर ठिपका गोलाबाहेर गेला. मग तो पुढे गेला आणि भर दुपारी त्याने दुकानाचं दार आतून लावून घेतलं.