कुबड्या पुढं घ्या

“काका, कुबड्या पुढं घ्या. दिसल्या पाहिजेत.”

भिवंडीतला दिव्यांगांचा रोजगार मेळावा. इस्त्रीचा शर्ट, मिशीला कंगवा, कुबड्या मुद्दाम खुर्चीमागं सारलेल्या. नवरदेवासारखा बसलो होतो मी. फोटोग्राफरनं कुबड्या ओढून माझ्या छातीशी उभ्या केल्या. मेळावा भरवणाऱ्या साहेबांनी नेमणुकीचं पत्र दिलं. माझ्याकडं नाही, कॅमेऱ्याकडं बघत. मग माइकवर म्हणाले, “यंदा आपलं दिव्यांग भरतीचं उद्दिष्ट पूर्ण होतंय!” टाळ्या. मीही वाजवल्या.

वीस वर्षं मी लूमच्या कारखान्यात कांडीवर सूत भरलं. बसून करायचं काम. धागा तुटायच्या आधी बोटांना कळायचं. कारखाना बंद पडला, तेव्हापासून बोटं रिकामी.

नोकरी जवळच्याच दापोड्याच्या गोदामात. मालाला चढायला छान उतार, ऑफिसला बारा पायऱ्या. मी मालाच्या वाटेनं आत गेलो, खोक्यांच्या वरातीत. सुपरवायझरनं खुर्ची दिली, स्कॅनर दिला. खोक्यावरच्या पट्टीवर धरला की टुक वाजतं. मी धरला. वाजेना.

“चाचा, इसमें बॅटरी नहीं है. साहब लोग आएंगे तब पकड़ लेना. बाकी आराम करो.”

चार महिने आराम केला. शेजारच्या टेबलावर बायकांचं टुकटुक चालायचं. घरी बायको विचारायची, “आज किती खोकी केली?” मी आकडा सांगायचो. रंगवून. एकदा तर बोलता बोलता मालाचा अख्खा ट्रक उलटवला. ती पोट धरून हसायची.

एक दिवस तपासणी आली. मेळाव्यातलेच साहेब. “काय, कसं चाललंय काम?”

सुपरवायझरनं डोळे वटारले. मी उठलो, सावकाश, नाटकातला राजा उठतो तसा. स्कॅनर साहेबांच्या हातात ठेवला.

“जरा वाजवून दाखवा, साहेब.”

त्यांनी दाबला. परत दाबला.

“बंद हाय,” मी म्हणालो. “चार महिने असाच धरून बसलोय. मला काम येतं, साहेब. काम द्या.”

बायका खुदकन हसल्या. साहेबांनी स्कॅनर टेबलावर ठेवला, सुपरवायझरला विचारलं, “यादीत नाव आहे ना यांचं? मग झालं.”

संध्याकाळी सुपरवायझर म्हणाला, “चाचा, कल से घर पे ही रहो. नाम रहेगा.”

नाव राहील. मी नको.

त्या बारा पायऱ्या मी बसून बसून चढलो. कुबड्या एकेक पायरी पुढं सरकवत. पँट मळली. वर जाऊन लिहून दिलं : माझं नाव काढा, मला इथं काम नाही.

घरी बायकोनं विचारलं, “आज किती खोकी?”

“एकही नाही. कधीच नाही.”

ती हसली नाही.

काम मिळालेलं नाही. मिळेल असं वाटत नाही. परवा नव्या मेळाव्याचं बोलावणं आलं. जाणार आहे. कुबड्या खुर्चीमागंच राहतील. कुणी ओढल्या तर हात धरीन त्याचा. आणि पत्र घ्यायच्या आधी माइक ओढून विचारीन, सगळ्यांदेखत : काम कुठं हाय?