दुसऱ्याचा गाल

हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावजवळच्या एका खेड्यात मी उपकेंद्रात नर्स आहे. तीन वर्षांपूर्वी एका दुपारी गावातली एक बाई सुजलेलं कोपर धरून आली.

"कशानं लागलं?"

"पडले."

पडल्यानं पाठीवर वळ उठत नाहीत. तिला खाटेवर बसवून हात झोळीत बांधायला घेतला, तेवढ्यात तिचा नवरा दारात आला. हातात कुऱ्हाडीचा दांडा.

"सिस्टर, तुमी बाजूला व्हा. आमच्या घरातलं हाय."

"इथं ती पेशंट हाय. दांडा भायेर ठेवा, मग बोलू."

तो ऐकायच्या पलीकडे गेला होता. मला ढकलून त्यानं दांडा तिच्या डोक्यावर उगारला. ती भिंतीला चिकटली. पळायला जागाच नव्हती. मी सलाईनचा लोखंडी स्टँड उचलला आणि जीव खाऊन त्याच्या मनगटावर हाणला. दांडा पडला, तो मटकन खाली बसला. दांडा मी पायानं खाटेखाली सारला, पोलिसांना फोन केला, मग त्याच्या मनगटाला फळी बांधली. हाड मोडलं होतं.

त्या रविवारी हिंगोलीच्या चर्चमध्ये मी प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस घ्यायला उठलेच नाही. दुसरा गाल पुढं करायचं मी लहानपणापासून शिकले होते, आणि माझ्याच हातांनी एका माणसाचं हाड मोडलं होतं. उपासना संपल्यावर पास्टर साहेबांना सगळं सांगितलं.

"दांडा पडल्यावर पुन्हा मारलं?" त्यांनी विचारलं.

"न्हाई."

"मारावंसं वाटलं?"

"व्हय. एकदा वाटलं."

"त्या वाटण्याची देवाकडे क्षमा मागा. मारलेल्या फटक्याची नको. स्वतःचा गाल पुढं करणं तुमच्या हातात आहे. तिचं डोकं पुढं करायचा हक्क तुम्हाला कुणी दिला?"

मी तिथंच बाकावर बसून तेवढ्याचीच क्षमा मागितली.

बाईनं तक्रार दिली आणि लेकरं घेऊन शिरड शहापूरला माहेरी गेली. आता तिथं शिवणकाम करते. त्या माणसाच्या मनगटाचं मला आजही वाईट वाटतं. फटक्याचं वाटत नाही. तशीच वेळ आली तर मी पुन्हा स्टँड उचलीन.

तेव्हा तो जामिनावर सुटला होता. प्लास्टर निघाल्यावर माझ्याकडेच आला. बोटं वळत नव्हती. महिनाभर मी त्याच्याकडून व्यायाम करून घेतला.

"लई जोरात मारलं तुमी," एकदा तो म्हणाला.

"थांबले असते तुमी, तर मारलं नसतं," मी म्हणाले. "आता मूठ वळा."