लाल वही आणि पाण्याचा दिवस

मी साहेबराव, शाळेतला पीटी मास्तर आणि स्वघोषित शिस्तप्रमुख. गळ्यात शिट्टी, काखेत लाल वही. शाळा सातला भरते. सातनंतर आलेल्याचं नाव मी वहीत टिपतो आणि देशाचं भवितव्य वाचवल्यासारखा चहाला जातो.

यंदा पाचवीचा वर्ग आमच्या हायस्कूलला जोडला. कालपर्यंत चौथीच्या मॅडमचं बोट धरणारी पोरं एका उन्हाळ्यात मोठी झाली. निदान माझ्या वहीत तरी. सहा वेळा उशीर झाला की शाळा सोडल्याचा दाखला घरी, हा नियम मीच दहावीच्या टग्यांसाठी काढला होता. पाचवीतल्या सदफचं नाव सहाव्यांदा आलं आणि मी शिफारस लिहून मुख्याध्यापिका बाईंच्या टेबलावर ठेवली.

सदफची आई आबेदा आली. रडेल असं वाटलं होतं, पण ती भडकलेली होती.

"सर, तारखा बघा की! आमच्या गल्लीत मंगळवारीच पाणी येतं, सकाळी सहाला. मी कंपनीत पहिल्या पाळीला. हंडे कोण भरील? चौथीच्या मॅडमला ठाऊक व्हतं, त्या कधी बोलल्या नाय."

पाहिलं. सगळे मंगळवार. त्याच गल्लीतली अजून नऊ नावं, तीही मंगळवारची. खाली माझा शेरा: 'या वस्तीतल्या पोरांना वळण नाही.'

आमच्याकडं पाणी गुरुवारी येतं. त्या दिवशी टाकी भरून मी साडेसातला पोहोचतो, शिपाई कडुबा मागचं फाटक उघडतो, आणि मस्टरवर मी बिनदिक्कत सात लिहितो. लहानपणी आमच्या भीमनगरातल्या पोरांबद्दल मास्तर हेच वाक्य बोलायचे. मी ते पाठ करून मास्तर झालो. लई लाज वाटली.

गुरुवारी पुढच्या फाटकातून आलो. वहीत माझं नाव लिहिलं, मागचे सहा गुरुवारही लिहिले आणि वही बाईंपुढं ठेवली. "आधी माझा दाखला काढा, मग सदफचा."

बाईंनी वही वाचली, माझ्याकडं पाहिलं आणि शिफारस फाडली.

पुढच्या मंगळवारी सदफ सव्वासातला आली. बाह्या कोपरापर्यंत ओल्या. सवयीनं भिंतीशी मान खाली घालून उभी राहिली. मी म्हणालो, "जा बेटा, वर्गात जा." ती हलेना. तिची नजर माझ्या शिट्टीवर होती.

मी शिट्टी गळ्यातून काढून खिशात घातली. तेव्हा कुठं ती पळाली.